शाळेच्या जुन्या रजिस्टरांचे स्कॅनिंग आणि बांधणी: नौपाड्यातील दुकानाचा अनुभव

वागळे इस्टेटमधील एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी १९९० पासून २०२१ पर्यंत शिकवले आणि त्यांपैकी शेवटची सहा वर्षे मुख्याध्यापिकेचे काम पाहिले. शाळा आज मोठ्या अडचणीत आहे. एके काळी दहावीच्या दोन तुकड्या गच्च भरत, तिथे आता एकच तुकडी उरली आहे आणि तिच्यातही मागची बाके रिकामी असतात. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेचा इतिहास लिहून काढायचे मनावर घेतले आणि ते काम माझ्याकडे सोपवले. साधने म्हणून हाताशी होते ते जनरल रजिस्टराचे चार खंड, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरेबुक आणि साधारण दीडशे छायाचित्रे. हे सारे आम्ही नौपाड्यात, गोखले रस्त्याच्या आतल्या गल्लीत असलेल्या या स्कॅनिंग आणि बांधणीच्या दुकानात दिले. काम पूर्ण व्हायला जवळजवळ दोन महिने लागले. ज्या शाळांना, सोसायट्यांना किंवा देवस्थानांना आपले जुने दप्तर जपायचे आहे त्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जनरल रजिस्टर काय असते हे आधी सांगावे लागेल, कारण दुकानाच्या कामाचा कस तिथेच लागला. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला या रजिस्टरात एक क्रमांक मिळतो आणि तो पुन्हा दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. मुलाचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण आणि शेवटी शेरा, असे सारे रकाने एकाच ओळीत येतात. हे रजिस्टर कायमस्वरूपी जतन करायचे असते. जातपडताळणीसाठी निर्गम उतारा, म्हणजे या रजिस्टरातील आपल्या नोंदीची प्रत, हवा म्हणून शाळा सोडून तीस-तीस वर्षे झालेली माणसेही कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहतात. ओळ इतकी लांब असते की ती समोरासमोरच्या दोन पानांवर पसरते. डाव्या पानावर मूल शाळेत येते आणि उजव्या पानावर ते शाळेतून जाते.

आमच्या खंडांची अवस्था वाईट होती. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या कार्यालयात पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या फळीवरचे पहिले दोन खंड भिजले. आम्ही ते पंख्याखाली वाळवले, परंतु पुरते सुकण्याआधीच मिटून ठेवल्यामुळे काही पाने एकमेकांना चिकटली, शाईच्या पेनाने लिहिलेली निळी अक्षरे पसरली आणि पाठीचा दोरा कुजून सुटला. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे उतारा शोधताना आम्ही ते खंड सुतळीने बांधून आणि सुतळी सोडून वापरत राहिलो. हे आमच्या हातून व्हायला नको होते.

या दुकानात येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी नमुना म्हणून दहा पाने करून घेतली होती. तिथला दर निम्म्याहून कमी होता आणि काळ्या-पांढऱ्या स्वरूपात दिलेली ती पाने पडद्यावर फार स्वच्छ दिसत होती. घरी मूळ पानाशी ताडून पाहिले तेव्हा शिसपेन्सिलीने लिहिलेले एकही अक्षर त्यांत उतरले नव्हते, कारण त्या पद्धतीत ठरावीक गडदपणापेक्षा जे फिके असेल ते सगळे कोरे धरले जाते. आमच्या शाळेतील लेखनिक मात्र अधिकृत कारण शाईने लिहीत आणि खरे कारण शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपून ठेवत. ती टिपणे गेली असती, तर इतिहास म्हणून लिहायला निकालांचे आकडे आणि संमेलनांच्या तारखा एवढेच उरले असते.

या दुकानात स्कॅनिंगचे काम पाहणाऱ्या ताईंनी पहिल्याच भेटीत रजिस्टर उघडले, पान दाराच्या उजेडाकडे तिरपे धरले आणि ‘मॅडम, इथे पेन्सिल आहे, रंगीतच करावे लागेल,’ असे सांगितले. मी काही विचारण्याआधी त्यांनी हे पाहिले, यावरच मी काम देण्याचे ठरवले. पाने त्यांनी दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने आणि छायाचित्रे ६०० ठिपक्यांनी केली. खंड काचेवर पालथा दाबून ठेवण्याऐवजी तो उताणा ठेवून वरून टिपणाऱ्या यंत्राखाली काम झाले, त्यामुळे आधीच सैल झालेल्या पाठीवर ताण आला नाही. चिकटलेली पाने सोडवण्यासाठी त्या प्लास्टिकची एक पातळ, गुळगुळीत पट्टी वापरत. ती कोरड्या कडेकडून केसभर आत सरकवायची, थांबायचे आणि पुन्हा सरकवायची. एका पानाला मी समोर बसून असताना चाळीस मिनिटे लागली. दुसऱ्या खंडातील तीन पाने मात्र सुटेनात. ती ओढली तर अक्षरे सोलली जातील असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ती तशीच राहू दिली. काम अर्धवट सोडल्याचा ठपका पत्करून मूळ वस्तू जपणारा कारागीर मला अधिक विश्वासाचा वाटतो.

एक चूक मात्र मोठी झाली. पहिल्या खंडाच्या फाइली हाती आल्या तेव्हा डावे आणि उजवे पान वेगवेगळे कापून आलेले होते, आणि ज्या काही पानांचा क्रम मधेच एकाने सरकला होता तिथे एका मुलाच्या नावापुढे दुसऱ्याच मुलाचे शाळा सोडण्याचे कारण येत होते. साध्या पुस्तकासाठी पाने अशी सुटी करणे बरोबर असेल, पण जनरल रजिस्टरात त्याने ओळच तुटते. मी दुकानात जाऊन हे दाखवले तेव्हा मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी संपूर्ण खंड दोन्ही पाने जोडून नव्याने टिपून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत आणि पुढच्या खंडांच्या फाइलींना पृष्ठक्रमांकाऐवजी त्या जोडपानावरील पहिला व शेवटचा रजिस्टर क्रमांक हेच नाव दिले. यात दोन आठवडे वाया गेले, तरी आता कोणाचा उतारा हवा असेल तर अर्ध्या मिनिटात पान सापडते. असे काम देणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी लेखी सांगावी.

ओळी सलग झाल्यावर मी ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि एकतीस वर्षे त्याच इमारतीत काढूनही मला जे कळले नव्हते ते दिसू लागले.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, १९६२ ची. आमची शाळा निघाली १९७० च्या दशकाच्या अखेरीस, ठाण्यात अजून नगरपालिका होती तेव्हा. महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली. पहिल्या खंडातील मुले किसननगर, श्रीनगर आणि लोकमान्यनगरची. जन्मस्थळाच्या रकान्यात सातारा, सांगली, रत्नागिरी आणि त्यांच्याबरोबरीने केरळ आणि उत्तर प्रदेशातील गावे आहेत. वडील कारखान्यात, स्वतः मराठी किंवा हिंदी शाळेत शिकलेले, आणि मुलाने साहेबापुढे इंग्रजीत बोलावे ही घरातल्या सर्वांची आस. या खंडात उजवीकडे पानामागून पान एकच कारण आढळते: ‘पास्ड एस. एस. सी.’ मूल पहिलीला आले आणि दहावी होऊन गेले. शाळेचे याहून चांगले दिवस कुठल्या अहवालात लिहिलेले मला सापडले नाहीत.

दुसऱ्या खंडात हे बदलते. शाईने लिहिलेले असते ‘गोइंग टू नेटिव्ह प्लेस’ आणि शेजारी पेन्सिलीने ‘कं. बंद’. कंपनी बंद, एवढेच. नव्वदच्या दशकातील जोडपानांवर एकाच आडनावाच्या तीन ओळी वेगवेगळ्या वर्षी सुरू होतात आणि एकाच तारखेला संपतात. मोठी मुलगी आठवीत, मधला सहावीत, धाकटा तिसरीत. तारीख ऑक्टोबरमधली आहे. सहामाही परीक्षा झाल्या झाल्या भावंडे एकदम गावी गेली. त्या वर्षी मी आठवीची वर्गशिक्षिका होते, ती मुलगी मला आठवते, आणि ती का गेली हे मी तेव्हा विचारले नव्हते. पाण्याने फुगलेल्या त्या पानांवरची पेन्सिलीची अक्षरे रंगीत प्रतीत मूळ पानांपेक्षाही सुवाच्य आली आहेत, कारण पडद्यावर ती मोठी करून पाहता येतात.

तिसऱ्या खंडातील गळती गावाकडे नाही, शहरातच आहे. सन २००० पासून राज्यातील सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली आणि पुढे अनुदानित मराठी शाळांनी सेमी-इंग्रजीचे वर्ग काढले. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून आणि फी नाममात्र, हे पाहिल्यावर आमच्याकडे येणारा पालक तिकडे वळला यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. दुसऱ्या बाजूने, २००१ च्या धोरणाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरच, म्हणजे पुढेही सरकारी अनुदान मिळणार नाही या अटीवरच, परवानगी मिळू लागली. घोडबंदर रस्त्यावर वसाहती उभ्या राहिल्या तशा दुसऱ्या बोर्डाच्या, वातानुकूलित वर्गांच्या शाळाही आल्या, आणि ज्यांना परवडत होते ती कुटुंबे तिकडे गेली. अशा ओळींपुढे ‘पेरेंट्स रिक्वेस्ट’ असे लिहिलेले असते. पेन्सिलीच्या टिपणात कुठे ‘घो. रोड’, कुठे ‘बोर्ड’, आणि पुष्कळ ठिकाणी नुसती एक आडवी रेघ.

अनुदानाचा मुद्दा इथे टाळता येत नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची आहे. शिक्षकाला ठरलेली वेतनश्रेणी मिळावी हा त्याचा एक हेतू. विनाअनुदानित शाळेत मात्र ती श्रेणी फक्त फीमधून भागवायची असते, आणि कामगारवस्तीतल्या फीमधून ती कधीच भागत नाही. जुलै २००९ मध्ये शासनाने ‘कायम’ हा शब्द काढून अनुदानाची वाट मोकळी केली, परंतु इंग्रजी माध्यमाच्या शाळांना त्यातून वगळले. आमच्याकडचे चांगले शिक्षक दोन-तीन वर्षांत अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन जात राहिले. मुलांच्या जाण्याची नोंद ठेवणारे रजिस्टर आहे; शिक्षकांच्या जाण्याची नोंद हजेरीपटांत विखुरलेली आहे, आणि ते हजेरीपट पुरात गेले.

याच तिसऱ्या खंडात आमच्या हातून घडलेली एक गोष्ट आहे आणि ती मी इतिहासातही लिहिणार आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की जूनमध्ये प्रवेश वाढतात, असा विश्वस्तांचा आणि आम्हा शिक्षकांचाही समज होता. त्यासाठी कच्च्या मुलाला नववीत नापास करायचे, पालकांना बोलावून घ्यायचे आणि ‘दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा’ असे समजावून सांगायचे, हे काही वर्षे सर्रास चालले. रजिस्टरात त्या मुलांपुढेही ‘पेरेंट्स रिक्वेस्ट’ आहे आणि पेन्सिलीने ‘१७ नं.’ पालकांनी अशी विनंती केलेली नव्हती; ती आम्ही त्यांच्या तोंडी घातली होती. निकालाचा फलक अजून प्रवेशद्वारापाशी लागलेला आहे. त्या मुलांची धाकटी भावंडे मात्र आमच्या शाळेत आली नाहीत, हे डाव्या पानांवरून मोजता येते. शाळा फीमुळे बुडाली की बोर्डामुळे, यावर सभांत पुष्कळ चर्चा झाली. या कारणाचा उल्लेख एकदाही झाला नाही.

चौथा खंड अजून चालू आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२-१३ पासून त्यातील दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांचे प्रवेश सुरू झाले. मला ही तरतूद मनापासून पटलेली होती आणि आजही पटते, कारण त्या मुलांपैकी कितीतरी जणांनी वर्गाला उभारी दिली. पण त्यांच्या फीपोटी शासनाकडून मिळणारी प्रतिपूर्ती, जी पुढे दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये या कमाल मर्यादेवर ठेवली गेली, ती वेळेवर येत नसे, आणि कायद्याचे संरक्षण आठवीलाच संपत असे. पहिल्या तुकडीतील मुले आठवी पूर्ण करण्याच्या बेतात होती तो महिना होता मार्च २०२०. शाळा बंद झाल्या, पालकांची कामे गेली आणि जूनपासून त्याच मुलांना नववीची पूर्ण फी लागू झाली. त्या ओळींच्या उजव्या बाजूस २०२० आणि २०२१ च्या तारखांची रांग आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने फीमध्ये १५ टक्के सवलत द्यायला सांगितले; पालकांची अडचण खरी होती, आणि आमच्यासारख्या शाळेला त्या वर्षी जूनपासून पगार देता आले नव्हते हेही खरे होते. दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला ते हेच वर्ष, आणि माझ्या सेवेचेही ते शेवटचे. शंभर टक्के निकालाचे महत्त्व किती, हे मला त्या वर्षी कळले.

आता बांधणीविषयी. स्कॅनिंग झाल्यानंतर चारही खंड बांधणीचे काम करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी पाठ उसवून जुना दोरा काढला, घड्या नव्याने जुळवल्या आणि जुजबंदी, म्हणजे घड्या दोऱ्याने शिवून केलेली बांधणी, केली. नुसता डिंक लावून पाठ चिकटवण्याची हल्लीची झटपट पद्धत त्यांनी नाकारली, कारण तशी बांधणी दोन पानी ओळ सपाट उघडू देत नाही. खळ त्यांनी मोरचूद घालून शिजवली होती, जेणेकरून कसर लागणार नाही. कव्हराला गडद तपकिरी रेक्झिन असून पाठीवर फक्त खंड क्रमांक आणि रजिस्टर क्रमांकांची मर्यादा आहे. फाटलेल्या कडांना लावलेला पातळ कागद एकदोन ठिकाणी अक्षरांवर किंचित चढला आहे. वाचायला अडत नाही, पण तो टाळता आला असता. चौथा खंड रोजच्या वापरातला असल्यामुळे तो शनिवारी दुपारी घेऊन सोमवारी सकाळी शाळा उघडण्याआधी परत देण्याची अट त्यांनी तंतोतंत पाळली.

छायाचित्रांचे काम ठीक आहे. पिवळी पडलेली काही छायाचित्रे त्यांनी न सांगता उजळून दिली होती. मूळ रंगांतली प्रतही हवी असे सांगितल्यावर तीही दिली.

एका बाबतीत दुकानाने सुधारणा करायला हवी. या रजिस्टरांत हजारो माणसांची जात, धर्म आणि जन्मतारीख आहे, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाल्यानंतर अशा माहितीची जबाबदारी कोणालाही झटकता येणार नाही. दुकानात यासाठी तयार करारपत्र नव्हते. फाइली आमच्या दोन हार्ड डिस्कवर उतरवून झाल्यानंतर संगणकावरील प्रती पुसण्याचे हमीपत्र त्यांनी दिले, पण त्याचा मसुदा मला स्वतः लिहून न्यावा लागला. तोपर्यंत मी किंवा शाळेचे शिपाई यांपैकी कोणीतरी कामाच्या वेळी तिथे बसून राहिलो. त्याबद्दल त्यांनी कधी नापसंती दाखवली नाही. उलट ताईंनी माझ्यासाठी खिडकीजवळ खुर्ची ठेवली.

खर्चाचा हिशेब असा: रजिस्टरांच्या जोडपानाला १५ रुपये, शेरेबुकाच्या पानाला ८ रुपये, छायाचित्राला २० रुपये आणि जुजबंदीसाठी दर खंडामागे १,२०० रुपये. सर्व मिळून सुमारे साडेचौदा हजार झाले आणि ते माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिले. हस्तलिखित मजकूर संगणकावर शोधता येईल अशा अक्षरांत बदलून देण्याचे काम ते करत नाहीत आणि ते होईल असे खोटे आश्वासनही देत नाहीत. नावांची सूची आम्ही चौघांनी बसून टंकलिखित केली. दुकान रविवारी बंद असते, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, आणि खंड जड असल्यामुळे स्टेशनकडून रिक्षानेच यावे लागते. रजिस्टरे कापडात बांधून आणावीत. प्लास्टिकच्या पिशवीत आणलेली त्यांनी आमच्यासमोर एका संस्थेला परत बाहेर काढायला लावली, कारण आत दमट वास येत होता.

आम्ही आणखी एक काम त्यांच्याकडे दिले आहे. पुरातून वाचलेला दप्तराचा एक गठ्ठा तळमजल्याच्या कोठीत नुकताच सापडला, त्यात १९९० नंतरच्या काही वर्षांचे प्रवेश अर्ज आहेत. अर्जावर वडिलांचा व्यवसाय आणि कंपनीचे नाव असते. कोणत्या कारखान्याबरोबर कोणती मुले गेली हे त्यावरून ताडून पाहता येईल. पावसाळ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावरच तो गठ्ठा उघडू असे काकांनी सांगितले आहे आणि मी ते मान्य केले आहे.